न आलेली ओहोटी

२ फेब्रुवारी

चि. खटपट्या,

पाकीट पाहून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. फोनवर तू नुसता "हं, हं" करतोस आणि मागे बटणांवर तुझी बोटं टपटपत असतात ते मला ऐकू येतं. म्हणून यापुढे तुझ्याशी पत्रानेच बोलायचं ठरवलंय. पत्र वाचताना तरी माणसाला दुसरं काही करता येत नाही.

काम आहे. ताई सांगत होती, की नोकरी सांभाळून तू एक उद्योग करतोस. कॉम्प्युटरचे जे खेळ एकाच जातीच्या कॉम्प्युटरवर चालतात, ते तू दुसऱ्या, कोणी न विचारणाऱ्या सिस्टिमवर चालते करून देतोस. तुझ्या आईला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण सांगताना तू तिचा चेहरा बघायला हवा होतास. तर कोणी न विचारणारी सिस्टिम म्हणजे काय ते माझ्या दुकानात येऊन बघ. तुझ्या काकांनी गल्ल्याशेजारी जो कॉम्प्युटर बसवला, तोच अजून आहे. औषधांचा साठा, मुदत संपायच्या तारखा, सगळं त्याच्या पोटात. काका गेले, तो विकणारे गेले, बनवणारी कंपनीही बुडाली म्हणतात, हा मात्र ठणठणीत. दुरुस्तीवाला आला तर लांबूनच हात जोडून परत जातो. सिस्टिमचं नाव पाठीमागे लिहिलंय, ते वेगळ्या कागदावर उतरवून पाठवतेय.

दुपारी दोन ते चार दुकानात माशी फिरकत नाही. हाताखालची मुलगी (आता मुलगी म्हणू नये, रीतसर फार्मासिस्ट झालीय) फोनवर काहीतरी खेळत बसते आणि मी काउंटरवर बोटं वाजवत बसते. मलाही एक खेळ आणून दे. गोळ्या झाडायचा नको, गोळ्या दिवसभर मोजतेच. एकाहत्तर वर्षांच्या बाईला पेलेल असा हवा, पण अगदी बाळबोधही नको. जन्मभर डॉक्टरांचं अक्षर वाचलंय मी.

तुझी,
मावशी


८ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचताना खरंच दुसरं काही करता आलं नाही, कारण सिस्टिमचं नाव वाचून मी खुर्चीतून उठलोच. जगात ती वापरणारी माणसं आता फार तर दोन-तीनशे उरली असतील, आणि त्यातली एक माझी सख्खी मावशी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. कारण गेलं वर्षभर मी नेमक्या त्याच सिस्टिमवर एक खेळ नेतोय, आणि तो मागच्या आठवड्यात पुरा झाला.

खेळ नेणं म्हणजे बिऱ्हाड हलवणं असतं गं. सामान तेच, पण नव्या घरात नळ दुसरीकडे, खुंट्या दुसरीकडे, दिव्याचं बटण दाराच्या मागे. जुन्या सवयीने हात जिथे जातो तिथे काहीच नसतं. ते एकेक शोधून नीट लावून द्यायचं. खेळ बनवणाऱ्यांनी या सिस्टिमकडे ढुंकून पाहिलेलं नाही, म्हणून आमच्यासारखे रिकामटेकडे हे करतात. पैसे मिळत नाहीत, शाबासकी मिळते. तीही तुझ्यासारखीचीच हवी असते.

सीडी सोबत आहे. चालू कसं करायचं ते मागे लिहिलंय. एक बाई समुद्रकिनाऱ्यावर उतरते. समोर बेट, बेटावर दीपस्तंभ, आणि तिथे उजेड दिसतो. मध्ये पाणी. ओहोटी आली की वाळूची वाट उघडी पडते, मग पलीकडे जायचं. पुढचं सांगत नाही, मजा जाईल. अवघड नाही. आमच्या ऑफिसातल्यांची पोरंसोरं एका दुपारी संपवतात. तुला दोन लागतील.

तुझा,
खटपट्या


२८ मार्च

चि. खटपट्या,

खेळ लागला. लाटांचा आवाज इतका खरा, की खोकल्याचं औषध न्यायला आलेले गृहस्थ मागे वळून बघायला लागले. काकांच्या कॉम्प्युटरमधून समुद्र निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तू गुणाचा आहेस.

बाई किनाऱ्यावर चालते, शिंपले उचलते, उपड्या होडीखाली डोकावते. खांबावर एक पाटी आहे, "थांबेल त्याला वाट मिळेल." मी थांबते. मधेच गिऱ्हाईक आलं तर उठते, परत येऊन थांबते. पलीकडे तो उजेड लुकलुकत असतो.

घाई नाही, पण सहज विचारते. किनाऱ्यावर साधारण किती वेळ जातो?

मावशी


११ एप्रिल

प्रिय मावशी,

घाईत लिहितोय, कारण खेळ सगळ्यांसाठी खुला केलाय आणि त्याचं पान बनवायचं चाललंय.

किनाऱ्यावर काहीच करायचं नसतं गं. नुसतं थांबायचं, पाणी आपोआप हटतं. चहा गाळेपर्यंत. तिथे अडकणं अशक्य आहे, आजवर कोणी अडकलेलं नाही. जन्मभर डॉक्टरांचं अक्षर वाचलेल्या बाईला तो किनारा अडवतो होय? शिंपले गोळा करत बसली असशील. ते शोभेचे आहेत, त्यांचा उपयोग नाही.

संपवलास की लगेच लिही. तुझं एखादं वाक्य मला पानावर टाकायचं आहे.

तुझा,
खटपट्या


५ मे

चि. खटपट्या,

झाला रे तुझा खेळ. तू म्हणालास तसं पाणी आपोआप हटलं, मीच उगाच घायकुतीला आले होते. वाळूवरून पलीकडे गेले, दीपस्तंभाच्या पायऱ्या चढले, आणि वर पोचले तर तो दिवा. केवढा मोठा, केवढा लखलखीत. डोळे दिपले माझे. फार छान केलंयस. पानावर काय लिहायचं ते लिही.

दुकानात एक नवी पद्धत सुरू केलीय. मी काढलेलं प्रत्येक औषध पिशवीत जायच्या आधी ती मुलगी एकदा बघते. तिला वाटतं मी तिला शिकवतेय. चांगली पद्धत आहे, आधीच सुरू करायला हवी होती.

मावशी


१६ मे

प्रिय मावशी,

तू जिंकलीस आणि मला जिंकवलंस. तुझं पत्र मी ऑफिसात दोघांना वाचून दाखवलं. पानाच्या अगदी वर आता ठळक अक्षरांत लिहिलंय, "माझ्या एकाहत्तर वर्षांच्या मावशीने हा खेळ एकटीने पूर्ण केला. ती म्हणते, वर पोचले आणि डोळे दिपले." आपली पाठ आपण थोपटू नये म्हणतात, पण मावशीने थोपटलेली दाखवायला काय हरकत आहे? लोक कौतुक करताहेत. एकाने तर लिहिलं, की अशी मावशी सर्वांना मिळो.

दुकानातली पद्धत उत्तम. वयाप्रमाणे थोडं सावकाश घ्यायलाच हवं.

तुझा,
खटपट्या


३ जुलै

चि. खटपट्या,

मधे लिहिणं झालं नाही. बरी आहे.

एक काम कर. ताईला विचार, आमच्या आईचं जेव्हा सुरू झालं, म्हणजे ती माणसं विसरायला लागली त्याच्याही आधी, तेव्हा घरात पहिल्यांदा काय लक्षात आलं होतं? मी तेव्हा लांब होते. मी विचारलं तर ताई घाबरेल आणि दुसऱ्या दिवशी दारात उभी राहील. तू बोलता बोलता विचार.

दुकान आता त्या मुलीला द्यावं असं मनात आहे. बघू.

मावशी


२० जुलै

प्रिय मावशी,

आईला विचारलं. ती म्हणते, आजी दुपारी एकटीच पत्त्यांचा डाव मांडून बसायची. एकदा आईच्या लक्षात आलं, की ती तासन्‌तास तशीच बसलेली असते, पत्ते तेच. पुढे काय करायचं ते तिला सुचत नव्हतं, आणि विचारलं की म्हणायची, झाला माझा डाव. तिथून सुरुवात झाली असं आई म्हणते. तू हे का विचारतेस? उगाच जुनं उकरत बसू नकोस.

सोबत नवी सीडी पाठवतोय. लाटांचा आवाज आणखी सुधारलाय. ही टाकच, आणि जुनी फेकून दे. नवी टाकून खेळ पहिल्यापासून पुन्हा खेळ, अगदी आठवणीने. खूप फरक आहे.

दुकानाचं म्हणशील तर चांगलाच विचार आहे. खूप केलंस, आता आराम कर.

तुझा,
खटपट्या


४ ऑगस्ट

चि. खटपट्या,

हे पत्र ताईला दाखवू नकोस.

मी त्या बेटावर गेलेले नाही. पाणी हटलंच नाही. पायऱ्या, दिवा, डोळे दिपले, सगळं मी काउंटरवर बसून रचलं. तुझ्या पानावर माझ्या नावाने जे लावलंयस ते खोटं आहे, ते काढून टाक. जगभरची माणसं ते वाचतात या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मी काय काय केलं ते ऐक. दुकान उघडल्यापासून बंद करेपर्यंत खेळ चालू ठेवला, पडद्यावर टॉवेल टाकून, त्या मुलीला दिसू नये म्हणून. शिंपले सगळे उचलले, मग सगळे परत ठेवले. होडी ढकलली. पाटीपाशी उभी राहिले, पाटीपासून लांब उभी राहिले. एकदा ती मुलगी मागे येऊन म्हणाली, "मी बघू का?" तर मी कॉम्प्युटरच बंद केला. तू लिहिलंस की तिथे अडकणं अशक्य आहे, पोरंसोरंही अडकत नाहीत. म्हणजे तिथे डोळ्यांसमोर काहीतरी आहे, ते सगळ्यांना दिसतं आणि मला दिसत नाही. औषधं देणाऱ्या बाईला समोरचं दिसेनासं झालं तर काय होतं, ते मी तुला सांगायला नको.

मग मी स्वतःवर पहारा ठेवायला लागले. एकदा बरोबर औषध हातात होतं. मला वाटलं चुकलं, म्हणून ते परत ठेवून दुसरं काढलं. दुसरं चूक होतं. त्या मुलीने पाहिलं, बदललं, आणि मला म्हणाली, "दमलात का हो?" तो प्रश्न माझ्या कानातून अजून जात नाही.

आईच्या पत्त्यांचं तू लिहिलंस ते वाचून मी पत्र घडी करून ठेवलं आणि त्या मुलीला बोलावून सांगितलं, की दुकान तू घे. आईही म्हणायची, झाला माझा डाव. मीही तुला तेच लिहिलं होतं.

डॉक्टरांकडे गेलेले नाही. समोरच दवाखाना आहे. इतकी वर्षं त्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात, आता माझ्या डोक्याची तक्रार घेऊन त्यांच्या दारात जायला पाय उचलत नाही. सगळ्यांना डोळ्यांचं कारण सांगितलंय, ताईलासुद्धा. अठरा तारखेला दुकानाच्या कागदांवर सही आहे. ती मुलगी हुशार आहे, लोकांशी गोड बोलते. दुकानाची काळजी नाही.

तुझी नवी सीडी आली. फोडलेली नाही. आवाज छान असेल, पण मला आता त्या किनाऱ्यावर जायचं नाही.

तू कष्टाने काहीतरी केलंस आणि मी खोटं बोलून तुझ्या कौतुकात माती कालवली. मला माफ कर.

मावशी


१० ऑगस्ट

प्रिय मावशी,

आधी एक गोष्ट, मग बाकीचं. सही करू नकोस. तुझ्या डोक्याला काहीही झालेलं नाही. ओहोटी येतच नव्हती. तुलाच नाही, तुझ्या सिस्टिमवर कोणालाच. ऑफिसातल्यांची पोरं खेळतात तो मूळ खेळ, नेहमीच्या कॉम्प्युटरवर. चूक माझी आहे.

नीट सांगतो. खेळातला समुद्र मशीनच्या घड्याळावर चालतो. इतर सिस्टिम सेकंदाचे हजार भाग करून वेळ मोजतात, तुझी सिस्टिम साठच भाग करते. मी सगळीकडे हजाराचे साठ केले, एका ठिकाणी राहून गेले, आणि ती जागा नेमकी समुद्राची. तिथे दर सेकंदाला नव्याने साठाला हजाराने भागलं जातं, आणि पूर्ण आकडा दर वेळी निघतो शून्य. म्हणजे तू दिवसभर थांबलीस तरी समुद्राच्या हिशेबी वेळ पुढे सरकलेलाच नव्हता. पाणी हटणार कुठून? पाटीवर थांबायला सांगितलं होतं आणि तू थांबलीस. तू सगळं बरोबर करत होतीस.

मी हे तपासलं का नाही, तर इथेच घोडं पेंड खातं. खेळ सुरू होतो का ते मी तुझ्या सिस्टिमवर पाहिलं. किनाऱ्याचा भाग मला पाठ होता, त्याचा कंटाळा आलेला. म्हणून पुढचं तपासायला मी माझ्या नेहमीच्या कॉम्प्युटरवर साठवून ठेवलेला डाव तिथे उघडला, ज्यात ओहोटी आधीच होऊन गेलेली होती. बेटाचा भाग मी इतक्या वेळा तपासला, की डोळे मिटून पायऱ्या चढेन. किनाऱ्यावर मात्र मी एकदाही थांबलो नाही. आणि तुला लिहिलं, तिथे अडकणं अशक्य आहे.

आता याहून वाईट. हे मला जूनमध्येच कळलं होतं. दूरच्या देशातल्या एका बाईंनी अगदी भीत भीत लिहिलं, की तुमच्या एकाहत्तर वर्षांच्या मावशींना जमलं ते मला जमत नाही, म्हणून विचारायला इतके दिवस धजले नाही, पण पाणी हटतं तरी का? मी हसत हसत खेळ लावला, चहा करून आलो, पाणी तसंच. चहा गार झाला तरी तसंच. मग मी चूक शोधली, आणि त्याच क्षणी मला कळलं की तूही बेटावर गेलेली नाहीस. मावशी, मला तेव्हा हसू आलं. वाटलं, बिचारीने माझं मन राखलं. नंतर आणखी चौघांनी कबूल केलं, की तेही किनाऱ्यावरच होते आणि तुझं वाक्य वाचून गप्प बसले होते. माझ्या त्या ठळक अक्षरांनी सगळ्यांची तोंडं शिवून टाकली होती.

तेव्हा सरळ लिहायला हवं होतं. लाज वाटली. वर्षभर शेखी मिरवली होती, ऑफिसात तुझं पत्र वाचून दाखवलं होतं. मी गुपचूप दुरुस्ती केली आणि पानावर लिहिलं, किरकोळ सुधारणा. तुला लिहिलं, आवाज. मनाशी म्हटलं, मावशीचीही लाज राहील आणि माझीही. खरं तर मला फक्त माझी राखायची होती. आणि त्याच पत्रात, तू आजीचं का विचारतेस याचा एक क्षणही विचार न करता, मी ते पत्त्यांचं लिहून पाठवलं. तुझ्या भीतीला मी स्वतःच्या हाताने पुरावा दिला. पाणी हटत नाही हे मला ठाऊक असताना.

तुझं पत्र आल्यापासून आईच्या नजरेला नजर देत नाहीये. ती विचारते, मावशीचे डोळे कसे आहेत. मी म्हणतो, बरे आहेत.

पानावरचं तुझं वाक्य काढलंय. चूक काय होती आणि कोणाची होती ते तिथे लिहिलंय. पण ते सगळं नंतर. तू फक्त सही करू नकोस.

तुझा,
खटपट्या


२० ऑगस्ट

चि. खटपट्या,

तुझं पत्र काल आलं. सही परवा झाली.

आत तारीख दहा आहे आणि पाकिटावर शिक्का चौदाचा. मधे ते कुठे होतं ते मी विचारत नाही. माझं मे महिन्यातलं खोटं पत्रही असंच पर्समध्ये पडून होतं, टाकू की नको करत. पण माझं पत्र उशिरा गेल्याने कोणाचं काही बिघडणार नव्हतं. पत्रानेच बोलायचं हा नियम मीच केला, कबूल. तरी घर पेटलं तर कोणी पत्र टाकत बसतं का रे? दुकानाचा नंबर काकांच्या वेळेपासून तोच आहे. तू शाळेत होतास तेव्हा तो घडाघडा म्हणून दाखवायचास. अठराला सकाळी मी त्या फोनशेजारीच बसले होते. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय म्हणू.

त्या मुलीला सगळं सांगितलं. खोटं आता पुरे झालं. ती म्हणाली, "कागद फाडून टाकू." मी नाही म्हटलं. तिने दुसरीकडची नोकरी नाकारलीय. आईवडिलांना बोलावून दुकान दाखवलंय, तिच्या वडिलांनी कपाटाच्या काचा स्वतः पुसल्या. ते मी कुठल्या तोंडाने परत घेऊ? ती म्हणते, तुमचं स्टूल आहे तिथेच राहील, रोज या. काल गेलेही. तर येणारा प्रत्येक जण विचारतो, डोळे कसे आहेत? एकीने हात धरून मला पायरी उतरवून दिली. मला लख्ख दिसतं हे आता मी कोणाकोणाला सांगत फिरू? सांगितलं तर विचारतील, मग दुकान का दिलंत. त्याचं उत्तर देण्यापेक्षा हात धरून उतरणं बरं वाटलं.

सुटकाही वाटली, ते लपवत नाही. तुझं पत्र वाचून मी समोरच्या कपाटातल्या औषधांची नावं वरपासून खालपर्यंत न बघता म्हटली. एक चुकलं नाही. मग मला फार राग आला, आधी तुझा, मग माझा. त्या मुलीने "मी बघू का?" म्हटलं तेव्हा मी बाजूला सरकले असते, तर तिनेच मला सांगितलं असतं, की बाई, हे बिघडलंय. लाजेपोटी मी कॉम्प्युटर बंद केला.

दुपारी नवी सीडी फोडली. तिला शेजारी बसवून घेतलं, टॉवेल वगैरे काही टाकला नाही. पाटीपाशी उभी राहिले. पाणी हटलं. चहा गाळेपर्यंत, तू म्हणाला होतास तसंच. ओली वाळू वर आली आणि मला रडू फुटलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. आम्ही दोघी पलीकडे गेलो, पायऱ्या चढलो.

वर दिवा नाही, खटपट्या. वरची खोली रिकामी आहे. काच फुटलेली, आत धूळ. किनाऱ्यावरून जो उजेड दिसतो तो खाली पायथ्याशी, एक म्हातारी शेकोटी करून बसलेली असते तिचा आहे. ती आपल्याला बसायला जागा देते आणि खेळ संपतो. सुंदर आहे. मी रचलेल्या दिव्यापेक्षा पुष्कळ सुंदर आहे.

आणि तू लिहितोस, की त्या पायऱ्या तू डोळे मिटून चढशील. मग वर अंधार आहे हे तुला मे महिन्यातही माहीत होतं. मी तुला लिहिलं, केवढा मोठा, केवढा लखलखीत दिवा. मला येत नव्हतं, आणि मी येतं असं सांगत होते, हे त्या पत्रात ढळढळीत लिहिलेलं होतं. त्यासाठी दूरदेशीच्या बाईंची गरज नव्हती. तू ते वाचलंस, दोघांना वाचून दाखवलंस, जगाला दाखवलंस, आणि तुला काही खटकलं नाही. तुला शाबासकी हवी होती, तेवढी तू त्यातून काढून घेतलीस. घड्याळाचं गणित कोणाचंही चुकतं, ते मी मनात ठेवणार नाही. पण माझं पत्र तू वाचलं नव्हतंस.

पत्र वाचताना माणसाला दुसरं काही करता येत नाही असं मी पहिल्यांदा लिहिलं होतं. तेही माझंच चुकलं.

दुपारी दोन ते चार मी दुकानात असते, स्टुलावर. याचं उत्तर पत्राने देऊ नकोस.

मावशी